जाबुटिकाबा बियांपासून: सोलापुरात कुठं चुकतं आणि काय केलं तर जगतं

पावसाळा तोंडावर आला की मला दोन प्रकारचे फोटो यायला लागतात. पहिला, प्लास्टिकच्या पाकिटातल्या दहा खडखडीत वाळलेल्या बिया आणि खाली "दोन महिने झाले दादा, उगवत का नाहीत?" दुसरा, बोटभर उंचीचं रोप, पानांची टोकं तपकिरी, आणि खाली "ऊन लागलं वाटतं, पाणी वाढवू का?" पहिल्याचं उत्तर म्हणजे बी पाकिटातच मेलेलं होतं. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे पाणी वाढवू नका हो, पाणी बदला.

जाबुटिकाबा म्हणजे पेरू-जांभळाच्या कुळातलं ब्राझीलचं झुडूप, फणसासारखी फळं थेट खोडावर धरतात, दिसायला काळं द्राक्ष आणि आत पांढरा गर. त्याला आंबट म्हणजे आम्लधर्मी माती लागते, पीएच साधारण ५.५ ते ६.५, आणि मुळं बारीक, वरच्या थरात पसरणारी. आता आपल्याकडं काय आहे, तर चुनखडीची काळी माती, बोअरचं जड पाणी आणि मे महिन्यात ४२-४३ डिग्री. सगळे उन्हाला घाबरतात आणि सावलीची सोय करतात. माझी पहिली बारा रोपं सावलीतच मेली, कारण मी रोज इमानदारीनं बोअरचं पाणी घालत होतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, खालचा क्रम बदलू नका. बी सगळ्यात शेवटी आणायचं. हे बी थांबत नाही, ते हातात आल्यावर तुम्ही कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) शोधायला निघालात की खेळ तिथंच संपला.

१. पहिल्यांदा पाणी

घरात येणारं प्रत्येक पाणी मोजा. दोन-तीनशे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो, आणि पीएचच्या कागदी पट्ट्या मत्स्यालयाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत बरं का, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती आणि पीएच म्हणजे आंबट की खारं (खारं म्हणजे इथं अल्कधर्मी, चुन्यासारखं, मिठासारखं खारट नव्हे), बरेच जण मीटरवर आकडा कमी आला की पीएच पण चांगला असं धरून चालतात. माझ्या बोअरचा आकडा ९०० च्या वर येतो. रोपांसाठी मी २०० च्या आतलं पाणी वापरतो.

कुठलं पाणी चालतं:

पावसाचं सगळ्यात भारी. आपल्याकडं पाऊस बेताचाच, पण हिशोब करून बघा, शंभर स्क्वेअर फुटाच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी साधारण ९० लिटर पाणी होतं. पाच रोपांना दिवसाला पाऊण लिटर धरलं तर २०० लिटरचा एक ड्रम आठ-नऊ महिने चालतो, उन्हाळ्यात दुप्पट लागेल म्हणून मी दोन ड्रम भरून ठेवतो. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, पत्रा धुतला जाऊ दे, मग ड्रम लावायचा. स्लॅबवरून येणारं पाणी सिमेंटचा चुना घेऊन येतं त्यामुळं पत्र्याचं बरं. आणि ड्रमला झाकण घट्ट पाहिजे, नाहीतर डासांची पैदास होऊन गल्लीतल्या सगळ्यांच्या शिव्या खाव्या लागतात.

एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी चालतं, ते हवेतल्या ओलाव्याचं असतं, क्षार जवळजवळ नसतात. आरओचं गाळलेलं पाणी पण चालतं.

⚠️ कूलरच्या टाकीतलं पाणी घालू नका. एसीचं चालतं तर कूलरचं का नाही, असं मला किमान दहा जणांनी विचारलं असेल. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, आपण वरून परत तेच पाणी भरतो, म्हणजे टाकीत दिवसेंदिवस क्षार वाढतच जातात. कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो ना, तोच तुमच्या रोपाच्या मुळावर बसतो. आरओ मशीनच्या पाइपातून बाहेर पडणारं वेस्ट पाणी पण याच कारणानं नको.

नळाचं पाणी आपल्याकडं काही दिवसांआड येतं आणि टाकीत आलं की बोअरच्या पाण्यात मिसळतं, त्यामुळं "आम्ही नळाचंच घालतो" यावर विश्वास ठेवू नका, टाकीतलंच मोजा.

काहीच सोय नसेल तर किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. १० लिटर पाण्यात २-३ ग्रॅम टाकायचं, ढवळायचं, दहा मिनिटांनी पट्टी बुडवायची, ६ च्या आसपास आलं की बास. यानं पाण्याचा खारेपणा मोडतो पण क्षार कमी होत नाहीत, टीडीएस आहे तेवढाच राहतो. तर हा अडीअडचणीचा उपाय आहे, वर्षभर यावर चालवायचं म्हटलं तर कुंडीत मीठ साठत जातं.

२. कुंडीतलं मिश्रण

काळी माती शून्य टक्के. "थोडी तरी घालू का, ताकद असते" असं आमचे शेजारचे आप्पा दरवर्षी म्हणतात. नको. ताकद असते पण चुना पण असतो, शिवाय ओली झाली की चिकट आणि वाळली की तडे, ही बारीक मुळं त्यात तुटतात.

माझं माप असं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे). परलाइट महाग वाटत असेल तर भाताचा तूस किंवा विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे. विटा भाजलेल्या मातीच्या पाहिजेत, सिमेंटच्या ब्लॉकचे तुकडे नाही, आणि जुन्या भिंतीच्या विटा असतील तर चिकटलेलं सिमेंट खरवडून घ्या. गांडूळखत मी या मिश्रणात मूठभरच घालतो.

कोकोपीटची वीट भिजवली की लगेच वापरायची नाही. त्यात मीठ असतं. बादलीत भिजवायची, जुन्या साडीत घालून पिळायची, असं तीनदा. पहिले दोन धुणे साध्या पाण्यात चालतील पण शेवटचा पावसाच्या पाण्यातच. पिळलेल्या शेवटच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवून बघा, आकडा तुम्ही घातलेल्या पाण्यापेक्षा फार वर जायला नको.

✅ चुन्याची तपासणी: वाळू, खडी, माती, जे काही मिसळणार असाल त्याचा एक चमचा बशीत घ्या आणि वरून व्हिनेगर टाका. फसफसलं, बुडबुडे आले, तर त्यात चुना आहे, बाजूला ठेवा. मी एकदा बांधकामावरची वाळू आणली होती, कानाजवळ बशी नेली तर इनो टाकल्यासारखा आवाज येत होता. ती वाळू मग जिन्याच्या पायरीलाच वापरली.

⚠️ राख, अंड्याची टरफलं, चुन्याची निवळी, हे गुलाबाला-मोगऱ्याला घालणारी मंडळी इथं पण सवयीनं घालतात. तिन्हींनी माती आणखी खारी होते. सिमेंटची कुंडी पण नको, ती स्वतःच चुना सोडत राहते. मातीची कुंडी सुंदर दिसते पण आपल्या कोरड्या हवेत एका दुपारीत सुकते. साधी प्लास्टिकची कुंडी किंवा जाड ग्रो बॅग, खाली चार-पाच भोकं, संपला विषय.

३. आता बी

जाबुटिकाबाचं बी वाळलं की मरतं. मेथी-कोथिंबिरीसारखं पाकिटात वर्षभर राहणारं हे बी नाही. आंब्याची कोय, जांभळाची बी, यांची जी जात तीच याची, फळातून काढलं की काही दिवसांत मातीत गेलं पाहिजे. त्यामुळं "ड्राय सीड्स, १०० टक्के जर्मिनेशन" असं लिहून विकणाऱ्याकडून घेऊ नका, मी दोनदा पैसे घातलेत, दोन्ही वेळा शून्य.

मग मिळवायचं कुठून? फळ बाजारात दिसणार नाही कारण तोडल्यावर तीन-चार दिवसांत ते आंबायला लागतं. केरळ, कर्नाटकात आणि आपल्या कोकणात हौशी लोकांकडं झाडं आहेत, नर्सऱ्यांकडंही मोठी झाडं असतात. मागताना दोनच पर्याय द्या: पिकलेलं ताजं फळ, किंवा गर काढून ओल्या कोकोपीटमध्ये गुंडाळलेलं बी. त्यांना विचारायचे प्रश्न:

फळ कधी तोडलं? बी ओलं आहे ना? आणि जात कुठली, साबारा का रेड हायब्रिड?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. साबारा चवीला लोक डोक्यावर घेतात पण बियांपासून फळ यायला आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. रेड हायब्रिड तीन ते पाच वर्षांत फळतं. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी सरळ रेड हायब्रिडच सांगतो, आठ वर्षं थांबायचा धीर फार थोड्या लोकांत असतो आणि त्यात घर बदललं, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग निघालं, काही ना काही होतंच.

यात एक बरं आहे, या बीमध्ये बऱ्याचदा एकापेक्षा जास्त अंकुर असतात आणि त्यातली बरीचशी रोपं आईसारखीच निघतात. म्हणजे चांगल्या झाडाचं बी घेतलं तर फळ भलतंच निघायची भीती कमी.

कधी मागवायचं? जूनअखेर ते सप्टेंबर. हवेत ओलावा असतो, सरासरी तापमान २५ ते ३० च्या मध्ये राहतं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास पेरलं तर थंडीमुळं बी नुसतं पडून राहतं, आणि एप्रिल-मे मध्ये कुरिअरच्या गाडीतच शिजतं.

✅ पार्सल उघडल्याबरोबर: बी चपटं, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा जरा मोठं, फिकट तपकिरी, नखानं दाबलं तर टणक पण ओलसर वाटायला पाहिजे. खुळखुळ वाजणारं, सुरकुतलेलं, हलकं बी असेल तर त्याच दिवशी फोटो काढून विक्रेत्याला पाठवा, "पेरून बघतो मग सांगतो" म्हणालात की दोन महिन्यांनी तो फोन उचलत नाही.

४. बी साफ करणं

हा टप्पा लोक सरळ उडवतात. फळ खाल्लं, बी थुंकलं, कुंडीत खोचलं. गर गोड असतो, त्यावर दोन दिवसांत बुरशी येते, आणि त्याआधी मुंग्या.

हा गर बीला असा काही चिकटलेला असतो की धुऊन निघत नाही. मी असं करतो: बिया वाटीभर पाण्यात एक रात्र भिजवायच्या. सकाळी एका जुन्या सुती टॉवेलवर, सोलापुरी असेल तर उत्तमच, तो खरबरीत असतो, त्यात बिया घेऊन भांडी घासल्यासारख्या पण हलक्या हातानं चोळायच्या. धागे धागे निघतात. धुवायच्या, परत चोळायच्या. बोटाला बुळबुळीत लागायचं थांबलं की झालं. साल खरवडून काढायची नाही, फक्त गर.

पाण्यावर तरंगलेलं बी लगेच फेकू नका, बऱ्याचदा त्याला गर चिकटलेला असतो म्हणून तरंगतं. साफ करून मग ठरवा.

⚠️ साफ केलेलं बी उन्हात, पंख्याखाली, पेपरवर वाळत घालू नका. आमच्या घरात हे एकदा झालंय. मी टॉवेलवर बिया ठेवून फोन घ्यायला गेलो, आईनं बघितलं की ओल्या बिया आहेत, तिनं प्रेमानं सूप घेऊन गच्चीत उन्हात पसरल्या, भुईमुगाच्या शेंगांशेजारी. संध्याकाळी कळलं. वीसमधली एक उगवली.

लगेच पेरायला जमणार नसेल तर झाकणाच्या डब्यात ओलसर कोकोपीटमध्ये घालून घरात गार जागी ठेवा. फ्रीजमध्ये नको.

५. पेरणी

चार इंच खोल कप किंवा ट्रे. रुंद उथळ ट्रे नको, कारण पहिलं मूळ सरळ खाली जातं.

मिश्रण आधीच भिजवून घ्या. मुठीत घट्ट पिळलं तर एक-दोन थेंब पडावेत, धार लागली तर जास्त ओलं आहे, एकही थेंब नाही तर कोरडं. कप भरा, हलकं ठोका, दाबू नका. बी आडवं ठेवायचं, वर एक सेंटीमीटर मिश्रण. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत खोचणारे लोक आहेत, ते फार खोल होतं.

शेताच्या दुकानात ट्रायकोडर्माची (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) पावडर मिळते, ती चिमूटभर वरच्या थरात मिसळली तर कोवळं रोप मानेत कुजायचं प्रमाण कमी होतं. नाही घातली तरी चालतं, पण मग पाण्यावर जास्त लक्ष पाहिजे.

वरून पारदर्शक झाकण, मी श्रीखंडाचे डबे वापरतो, त्याला दोन भोकं. कपावर तारीख आणि जात लिहायची. पेन्सिलनं लिहा, मार्करचं उन्हात उडून जातं आणि मग वर्षभरानं साबारा कुठलं आणि रेड कुठलं ते देवालाच माहीत.

जागा: उजेड भरपूर पण थेट ऊन नको. किचनच्या पूर्वेच्या खिडकीत माझं चांगलं चालतं. बाहेर ठेवणार असाल तर वर जाळी टाका, खारुताई बिया उकरून नेते आणि वर रिकामा कप आडवा पाडून जाते.

६. वाट बघायची, उकरायचं नाही

तीन ते सहा आठवडे. काही बिया दोन-अडीच महिनेही घेतात. रोज सकाळी झाकण उघडून हवा द्या, वरचा थर बोटाला कोरडा लागला तरच स्प्रेनं पाणी.

⚠️ "बघू तरी काय झालंय" म्हणून बोट घालणाऱ्यांसाठी: कोंब वर येण्याआधी मूळ खाली गेलेलं असतं, केसासारखं, तुम्ही बी उचललं की ते तुटतं आणि तुम्हाला कळतही नाही. फारच राहवत नसेल तर एक-दोन बिया वेगळ्या पारदर्शक डब्यात ओल्या कोकोपीटमध्ये काठाला लावून ठेवा, काचेतून बघत बसा, बाकीच्यांना हात लावू नका.

✅ सहा आठवड्यांनी काहीच नाही तर एकच बी काढा, दाबून बघा. टणक असेल तर परत ठेवा. पिचकलं आणि वास मारला तर ते गेलं, पण म्हणून पूर्ण ट्रे ओतू नका.

७. उगवल्यावर

पहिली पानं गुलाबी-लालसर येतात. रोगट समजून लोक फवारे मारतात, अहो, तो त्याचा रंगच आहे, आठवड्याभरात हिरवी होतात. पानं समोरासमोर, लहान, टोकदार. जर पानं चांगली मोठी, जाड आणि भराभर यायला लागली तर शंका घ्या, जाबुटिकाबाच्या नावाखाली जांभूळ गळ्यात पडलेले लोक मी बघितलेत. जाबुटिकाबा कधीच भराभर वाढत नाही. वर्षभरात वीतभर झालं तरी मी खूष असतो.

एका बीमधून दोन-तीन कोंब आले तर लगेच ओढून वेगळे करू नका, तिन्हींची मुळं एकमेकांत असतात. प्रत्येकाला चार-सहा पानं येऊ द्या. मग पूर्ण गोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं सोडवा, नाही सुटले तर दणकट तेवढं ठेवून बाकीचे कात्रीनं बुडाशी कापा. जीवावर येतं, पण तीनही मेल्यापेक्षा बरं.

झाकण एकदम काढायचं नाही. आठवडाभर रोज तास-दोन तास वाढवत न्या. आपली हवा पुण्या-कोकणातल्यासारखी नाही, झाकणाखालच्या दमट हवेतून एकदम बाहेर आलं की दुपारपर्यंत मान टाकतं.

खत: पहिले तीन महिने काहीच नाही. नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ते पण ओल्या मातीत. पाकिटावर लिहिलेला डोस मोठ्या पिकांचा असतो. युरिया नको. जास्त खत घातल्यानं हे झाड जोरात वाढत नाही, फक्त करपतं.

८. कुंडी बदलणं

रोप चार-पाच इंच झालं आणि खालच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली की चार इंचातून सहा इंचात, पुढं आठमध्ये, मग दहा. एकदम मोठ्या ड्रममध्ये लावलं तर एवढ्याशा मुळाभोवती एवढं मोठं ओलं मिश्रण आठवडाभर तसंच राहतं आणि ते आंबून मुळं कुजतात.

गोळा फोडायचा नाही, मुळं झटकायची नाहीत, कापायची नाहीत. कुंडी आडवी करा, बाजूनं दाबा, गोळा सरकवून बाहेर घ्या, नव्या कुंडीत त्याच उंचीवर बसवा. खोड आधीपेक्षा खोल गाडू नका. संध्याकाळी करा, आणि मार्च ते जून या काळात अजिबात करू नका.

वर आच्छादन पाहिजेच, कारण मुळं अगदी वर असतात. सोलापुरात याला पैसे पडत नाहीत, शेंगाचटणी घरोघरी होते, शेंगा फोडल्यावर टरफलं उरतात ती दोन इंच पसरायची, खोडापासून बोटभर जागा सोडून. खारवलेल्या शेंगांची टरफलं मात्र नको, त्यात मीठ असतं.

९. मार्च ते जून

गच्ची असेल तर रोपं खाली आणा. ऊन अडवायला शेडनेट आहे, पण तापलेल्या स्लॅबचं काय? दुपारी तीनला स्लॅबवर अनवाणी उभं राहून बघा, कुंडीतल्या मुळांना तेच लागतं. खाली जागा नसेल तर कुंडी लाकडी फळीवर किंवा विटांवर उचला, आणि लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओलं गोणपाट कोंबा. त्या गोणपाटाला बोअरचं पाणी चालतं, मिश्रणाला लागू देऊ नका म्हणजे झालं.

सकाळी ९-९:३० पर्यंतचं कोवळं ऊन, नंतर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट. पश्चिमेकडून वारा येत असेल तर त्या बाजूला जुनी चादर बांधा, दुपारची ती गरम झळ पानातलं पाणी ओढून घेते. पाणी सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी, थोडं थोडं, मिश्रण कधीच पूर्ण वाळायला नको पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून पण राहायला नको.

मी एसीखालच्या बाटलीतलं पाणी या रोपांना घालत होतो तर आप्पा कठड्यावरून वाकून म्हणाले, "का बे, आम्ही चार दिवस नळाची वाट बघालोय आन् तू ह्या काडीला फिल्टरचं पाणी घालालास?" समजावून सांगितलं. आता त्यांच्या एसीखाली पण बाटली आहे, त्यांच्या लिंबासाठी.

⚠️ उन्हाळ्यात पानांच्या मागं बारीक जाळी आणि लालसर ठिपके दिसले तर लाल कोळी आहे. पानांची मागची बाजू पाण्याच्या फवाऱ्यानं सलग तीन-चार दिवस सकाळी धुवा. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, तो कापसाच्या बोळ्यानं पुसून काढा आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण मुंग्याच त्याला इकडून तिकडं नेतात.

१०. पान बघून काय ओळखायचं

टोकं आणि कडा तपकिरी, बाकी पान हिरवं: क्षार साठले. इथंच सगळे फसतात, करपलं म्हणजे तहान लागली असं समजून तेच जड पाणी दुप्पट घालतात, क्षार दुप्पट होतात, आणखी करपतं, मग आणखी पाणी. करायचं काय, तर पावसाचं किंवा आरओचं पाणी, कुंडीच्या आकाराच्या तीन पट, हळूहळू ओतायचं आणि खालून पूर्ण वाहू द्यायचं. खालून येणारं पाणी वाटीत धरून मोजा, पहिल्या वाटीचा आकडा बघून हबकाल. करपलेला भाग परत हिरवा होणार नाही, नवीन पान कसं येतंय त्यावरून ठरवा.

नवीन पान पिवळं पण शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. मातीत लोह असतं पण खाऱ्या मातीत ते मुळांना उचलता येत नाही. लोक शेताच्या दुकानात जाऊन "चिलेटेड फेरस द्या" (म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह) म्हणतात, दुकानदार बहुतेक वेळा ईडीटीए वालं देतो, ते खाऱ्या मातीत टिकत नाही. पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं मागा, महाग असतं, पण पीएच जास्त असला तरी काम करतं. डाळिंबवाल्यांच्या पट्ट्यात राहतो आपण, मोठ्या दुकानात मिळतं. एक ग्रॅम दोन लिटर पाण्यात, गडद लाल पाणी होतं, मातीत ओतायचं, पानावर मारायचं नाही, संध्याकाळनंतर. दोन-तीन आठवड्यांत पुढची पानं हिरवी यायला लागतात. पाणी तेच जुनं घालत राहिलात तर परत पिवळी होतील हे वेगळं सांगायला नको.

जुनी, खालची पानं एक-एक करून पिवळी पडून गळणं: बऱ्याचदा नैसर्गिक. सगळी एकदम गळणं: मुळांशी पाणी साचलंय किंवा एखादा दिवस पूर्ण कोरडं गेलं. बोट घालून बघा, दोन्हींतलं कुठलं ते लगेच कळेल.

आणि मे महिन्यात गावाला जाऊन आलात, रोप काडी झालंय, एकही पान नाही, तर लगेच उपटू नका. खोडाला नखानं हलकं खरवडा. आत हिरवं दिसलं तर सावलीत ठेवा, खत शून्य, पाणी फक्त ओल राहील एवढंच, आणि पाऊस सुरू झाला की बाहेर पावसात ठेवा. वर तपकिरी लागलं तर आणखी खाली, बुडापर्यंत खरवडत या. माझं आत्ताचं सगळ्यात मोठं रोप असंच बुडाशी तांदळाएवढं हिरवं उरलेलं होतं, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला गुलाबी फुटवा आला.